जुनी मस्टँग घरच्या गॅरेजात नव्यानं उभी करताना

१९६८ ची फोर्ड मस्टँग पूर्ण मोकळी करायला दोन शनिवार-रविवार पुरतात. ती परत जोडायला मात्र वर्षं जातात, आणि पुष्कळदा ती जोडलीच जात नाही. अमेरिकेत विक्रीला निघणाऱ्या जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळल्यात तर 'सगळे पार्ट खोक्यांत भरलेले आहेत' हे वाक्य हटकून भेटतं. उत्साहाच्या भरात कुणीतरी सगळं एकदम उघडलेलं असतं. म्हणून पुढे कामाचा जो क्रम दिलाय, तो एका वेळी गाडीचा एकच भाग उघडा राहील असा आहे.

मस्टँगच का? लोक तिला मसल कार म्हणतात, पण काटेकोर बोलायचं तर मसल कार म्हणजे १९६४ च्या पाँटिअ‍ॅक जीटीओच्या वळणाची, मध्यम आकाराच्या गाडीत दांडगं इंजिन बसवलेली. मस्टँगला जाणकार 'पोनी कार', म्हणजे आटोपशीर स्पोर्टी गाडी, म्हणतात. पण शिकायला हीच बरी, कारण तिचा जवळजवळ प्रत्येक पार्ट आजही नवा मिळतो. फास्टबॅकच्या मागे धावू नका. उतरत्या पाठीच्या त्या बांध्याला फार पैसे मोजावे लागतात. साधी हार्डटॉप, म्हणजे पक्क्या टपाची, घ्या, मेहनत तितकीच लागते.

गाडी बघायला जाताना

आधी गाडीचा कारखान्यात दिलेला नंबर (व्हीआयएन, नंबरप्लेट नव्हे) वाचा. १९६८ च्या मस्टँगच्या नंबरातला पहिला आकडा वर्ष सांगतो, दुसरं अक्षर कारखाना, पुढचे दोन आकडे बांधा आणि पाचवं अक्षर इंजिन. 'सी' म्हणजे २८९ घनइंचांचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, 'एफ' किंवा 'जे' म्हणजे ३०२, 'एस' म्हणजे ३९०. 'टी' असेल तर ती कारखान्यातून सहा सिलिंडरची निघालीय, आज बॉनेटखाली काहीही असो. चाकांवरही नजर टाका. सहा सिलिंडरच्या गाडीची चाकं चार नटांची, व्ही-८ ची पाच नटांची. इंजिन व्ही-८ आणि नट चार असतील, तर कुणीतरी नुसतं इंजिन बदलून ब्रेक आणि मागचा अ‍ॅक्सल तसाच ठेवलाय, आणि तो खर्च तुमच्या गळ्यात पडणार.

रंग, सीट, क्रोम यांना भुलू नका. बघायचा तो गंज, आणि मस्टँगमध्ये गंजाचं माहेर म्हणजे काउल. समोरच्या काचेच्या खाली, बॉनेटच्या मागे ज्या जाळीदार फटी दिसतात, त्यांच्याखाली पत्र्याची एक बंद पेटी आहे. त्यातून हवा आत येते आणि पावसाचं पाणी बाजूंनी खाली निघून जातं. आतल्या तोंडांभोवती पत्र्याच्या उभ्या कडा असतात. पन्नासेक वर्षांचा पालापाचोळा तिथे साचून कुजतो, कडा गंजून जातात आणि पाणी थेट पाय ठेवायच्या जागी टपकतं. मालकाची परवानगी घेऊन त्या फटींमध्ये बादलीभर पाणी हळूहळू ओता आणि दुसऱ्या माणसाला टॉर्च घेऊन डॅशखाली वाकून बघायला सांगा. गालिचा ओला झाला, तर किंमत पाडून घ्या. ही पेटी उघडायची म्हणजे स्पॉट वेल्डचे ढीगभर ठिपके पोखरावे लागतात. फरशीचा पत्रा सडका दिसला तर लोक घाबरतात, पण ते काम त्या मानानं सोपं. पुढच्या स्प्रिंग ज्यात बसतात ते शॉक टॉवर आणि खालच्या चौकोनी नळ्या, म्हणजे फ्रेम रेल, कुजल्या असतील तर नवशिक्यानं ती गाडी सोडून द्यावी.

गॅरेजची तयारी

दोन गाड्यांचं गॅरेज हवंच. एका गाडीइतकी जागा सुट्या पार्टांनाच लागते. अमेरिकन घरांत गॅसवर चालणारा वॉटर हीटर पुष्कळदा गॅरेजातच असतो. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि हीटरच्या ज्योतीपर्यंत पोचते, तेव्हा पेट्रोलची टाकी उतरवायची ती गॅरेजच्या बाहेर. आग विझवायचं सिलिंडर दाराशी ठेवा. गाडी जॅकवर असताना खाली शिरायचं नाही. चार दणकट स्टँड घ्या आणि काँक्रीट सपाट आहे ना ते बघा.

भारतातून नेलेला पान्ह्यांचा संच इथे कामाचा नाही. ही गाडी इंचांची आहे. ७/१६, १/२ आणि ९/१६ हे तीन पाने दिवसभर हातात राहतील. १३ मिलिमीटरचा पाना १/२ इंचाच्या नटावर बसल्यासारखा वाटतो आणि नटाचे कोपरे खाऊन टाकतो.

उघडताना

प्रत्येक भागाचे फोटो काढा, बोल्ट वेगळ्या पिशवीत घाला आणि पिशवीवर 'डावं दार, वरची बिजागरी' असं नीट लिहा. नुसतं 'दार' लिहिलेली पिशवी दोन वर्षांनी निरुपयोगी ठरते. जुना पार्ट कितीही सडका असो, नवा जागेवर बसेपर्यंत फेकू नका. नव्या पत्र्याची भोकं नेहमी जुळतातच असं नाही, मग माप घ्यायला जुनाच उपयोगी पडतो.

पुढच्या कॉइल स्प्रिंगला या कामासाठी मिळणारं दाबायचं अवजार लावल्याशिवाय हात लावू नका. दबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो.

पत्र्याचं काम

मस्टँगला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. म्हणून कापायच्या आधी दारं जागेवर असू द्या, गाडीचं वजन चाकांच्या जागी पेला आणि दारांच्या फटी मोजून लिहून ठेवा. खुल्या टपाची गाडी असेल तर दाराच्या चौकटीत लोखंडी नळ्या आडव्या वेल्ड करून घ्या. एका वेळी एकच बाजू कापा. दोन्हीकडची फरशी एकदम काढली की सांगाडा पिळतो, आणि ते कळतं दार लागेनासं झाल्यावर.

स्पॉट वेल्ड काढायला त्यासाठीचा खास कटर मिळतो. तो वरचाच पत्रा कापतो, खालचा शाबूत ठेवतो. नव्या पत्र्याला भोकं पाडून मिग वेल्डरनं ती भरायची. सलग वेल्ड मारत सुटलात तर पत्रा तापून लाटांसारखा उठेल. इथे एक ठिपका, मग हातभर लांब दुसरा, असं फिरत राहा. फ्रेम रेलवर जस्ताचा थर असतो आणि तापल्यावर त्याचा धूर अंगाला बाधतो. आधी तो थर घासून काढा, दार उघडं ठेवा, मास्क लावा.

लांबी (पुट्टी) भरून गंज झाकायचा मोह अनेकांना होतो. लांबी चांगल्या पत्र्यावरच्या बारीक पोचांसाठी असते, भोकांसाठी नव्हे.

आधी ब्रेक, मग इंजिन

इंजिनाचा आवाज ऐकायची घाई सगळ्यांना असते. पण जी गाडी थांबत नाही ती चालू करून करायचं काय? या वर्षाच्या बहुतेक मस्टँगना चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नका. पाण्यानं भिजवून पुसा. रबरी नळ्या, चाकांचे सिलिंडर, मास्टर सिलिंडर सरसकट नवे घाला, यात काटकसर नको. खर्च करायचाच असेल तर पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवा.

इंजिन उतरवून ब्लॉक मशीन शॉपला द्या. २८९ आणि ३०२, दोन्हींचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ४ इंचांचा. झिजला असेल तर ०.०३० इंचांनी वाढवून नवे पिस्टन घालतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कठीण धातूच्या बसवून घ्या, कारण ही इंजिनं शिसंमिश्रित पेट्रोलच्या काळातली आहेत. जोडणी घरी करता येते. हेडचे बोल्ट ६५ ते ७२ फूट-पौंडांना, एकदम नव्हे, तीन टप्प्यांत आवळायचे.

सुरू करायच्या आधी डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला ठिणगीची वीज वाटणारा भाग, काढा. खाली ऑइल पंपाचा षटकोनी दांडा दिसेल. ड्रिलला १/४ इंचाचा सॉकेट लावून तो घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवा. थोड्या वेळानं ड्रिल जड लागतं आणि व्हॉल्व्हच्या रॉकरवर ऑइल पाझरायला लागतं. तेवढं झालं की डिस्ट्रिब्युटर परत घाला. सिलिंडर पेटण्याचा क्रम १-५-४-२-६-३-७-८, आणि डिस्ट्रिब्युटरमधला रोटरही घड्याळाच्या उलट फिरतो. १ ते ४ सिलिंडर पॅसेंजरच्या बाजूला, ५ ते ८ ड्रायव्हरच्या.

कॅम नवा आणि जुन्या पद्धतीचा, सपाट टॅपेटचा असेल, तर जस्तयुक्त ऑइल घाला. इंजिन लागताच वेग मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या वर नेऊन वीसेक मिनिटं तिथेच वर-खाली करत राहा. आयडलवर गुरगुरत ठेवलंत तर नव्या कॅमचे उंचवटे घासले जातात. म्हणून रेडिएटर, पंखा आणि टायमिंग आधीच तपासून ठेवा. गॅरेजचं दार मात्र सताड उघडं हवं.

वायरिंग, रंग आणि रस्ता

जुनी वायरिंग जोडत बसू नका, पूर्ण नवा हार्नेस, म्हणजे वायरींचा तयार जुडगा, मिळतो. रंगाची पूर्वतयारी घरी करा: इपॉक्सी प्रायमर, लांबी, पॉलिश पेपरचा ठोकळा आणि चिकाटी. शेवटचा रंग मात्र गाड्या रंगवणाऱ्या दुकानातच मारून घ्या. आजच्या दोन भागांच्या रंगांत आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं आणि साधा मास्क त्याला पुरत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि रंगाची बंद खोली, दोन्ही घरी जमवायचं म्हणजे खर्च दुकानाइतकाच होतो.

रस्त्यावर काढल्यावर आधी घराभोवतीच्या गल्ल्यांत फिरवा. पहिल्या काही मैलांनंतर चाकांचे नट परत आवळा, ब्रेकच्या प्रत्येक जोडाला कोरडं फडकं लावून बघा. व्हील अलाइनमेंट करून घ्या आणि पहिलं ऑइल लवकर बदला. जुन्या ऑइलचा फिल्टर कापून उघडा आणि त्यातला कागद उजेडात धरा. बारीक चमकी थोडीफार असायचीच, पण नखाला लागेल असा धातूचा कण दिसला तर इंजिन तिथेच बंद ठेवा.