ब्लेंडर शिकायचंय? आधी चेंडूला टप्पे खाऊ द्या

ब्लेंडर हे थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणून पहिल्याच दिवशी ड्रॅगन करायला बसू नका. चेंडूचे टप्पे खरे वाटले की कीफ्रेम (ठरावीक फ्रेमवर वस्तू कुठे असेल याची नोंद) आणि ग्राफ एडिटर (त्या नोंदींमधली हालचाल रेघेने दाखवणारी खिडकी) हातात आले समजा.

नवी फाईल उघडा. मधला ठोकळा एक्स दाबून काढा. शिफ्ट-ए, मेश, यूव्ही स्फिअर: हा गोळा म्हणजे आपला चेंडू. त्याची त्रिज्या 1 मीटर असते, हे लक्षात ठेवा. राइट-क्लिक करून शेड स्मूद द्या, म्हणजे तो गुळगुळीत दिसेल. जमिनीसाठी त्याच मेश यादीतून प्लेन (सपाट चौकोन) घ्या आणि एस, मग 10 दाबून मोठं करा. शॉर्टकट चालला नाही, तर माऊस बहुधा भलत्याच खिडकीवर असतो.

चेंडू निवडून एन दाबा. लोकेशनमध्ये झेड, म्हणजे उंची, 5 करा आणि फ्रेम 1 वर त्याच रकान्यावर माऊस ठेवून आय दाबा. रकाना पिवळा झाला की कीफ्रेम बसली. तसंच पुढे: फ्रेम 23 वर झेड 1, 38 वर 3, 53 वर 1, 64 वर 2, 75 वर 1. टेकताना झेड 0 दिलात तर चेंडू अर्धा जमिनीत जातो, कारण मोजमाप मध्यबिंदूपासून होतं. हे आकडे अंदाजाचे नाहीत: 4 मीटर पडायला साधारण 0.9 सेकंद लागतो, म्हणजे सेकंदाला 24 फ्रेमच्या हिशेबाने 22 फ्रेम.

स्पेसबार दाबा. चेंडू फुग्यासारखा तरंगेल! ब्लेंडर प्रत्येक कीफ्रेमपाशी आपणहून वेग कमी करतं. वर ते बरोबर आहे, जमिनीवर साफ चूक. म्हणून टाइमलाइनच्या डाव्या कोपऱ्यातल्या चिन्हावरून ग्राफ एडिटर उघडा. निळी रेघ झेडची. तिचे जमिनीवरचे बिंदू निवडा, व्ही दाबा, फ्री घ्या. आता प्रत्येक हँडलचं (बिंदूच्या दोन्ही बाजूंना निघणाऱ्या दांडीचं) टोक त्या बाजूच्या उडीच्या दोन तृतीयांश उंचीपर्यंत वर ओढा. आडवं अंतर तेच राहू द्या. पहिल्या पडण्याला ते फ्रेम 16 च्या आसपास, झेड 3.7 वर येतं. व्हेक्टर निवडूनही कोन टोकदार होतो, पण आदळतानाचा वेग कमी पडतो आणि चेंडू मऊ वाटतो.

एंड फ्रेम 75 करा. वरचा चेंडू कॅमेऱ्यात कापला जात असेल तर दृश्य हवं तसं फिरवून व्ह्यू, अलाइन व्ह्यू, अलाइन ॲक्टिव्ह कॅमेरा टू व्ह्यू. आउटपुट पीएनजीच (प्रत्येक फ्रेमचं वेगळं चित्र) ठेवा: मध्येच वीज गेली तरी झालेल्या फ्रेम फोल्डरमध्ये राहतात. मग कंट्रोल-एफ12 दाबून सगळ्या फ्रेम रेंडर करा, म्हणजे त्यांची चित्रं तयार होतील.