पोटाचा घेर, छुपी सूज आणि व्यायामाचं गणित

आधी शिवणकामाची टेप काढा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड बोटांनी चाचपा, दोन्हींच्या मध्यावर उघड्या अंगावर टेप गुंडाळा, श्वास सहज सोडा आणि आकडा वाचा. पोट आत ओढलंत तर मोजमाप फुकट. टेप पाठीमागे हमखास घसरते, म्हणून आरशासमोर उभे राहा. भारतीयांसाठी मर्यादा पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८०. आकडा त्यावर गेला असेल, तर वजनकाटा काहीही म्हणो, व्यायामाला लागा.

काट्यावर विसंबू नये याचा नमुना पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. चरबी मात्र याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के, युडकिनांच्या ९.१. हे त्यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो देऊन दाखवलं.

आतड्यांभोवतीची चरबी गप्प पडून नसते. तिच्या पेशी फुगल्या की तिथे मॅक्रोफेज नावाच्या संरक्षक पेशी गोळा होतात, टीएनएफ-अल्फा आणि आयएल-६ ही सूजेचा निरोप देणारी प्रथिनं पाझरत राहतात, त्यांच्या इशाऱ्यावर यकृत सीआरपी हे सूज दाखवणारं प्रथिन तयार करतं. हीच छुपी सूज: ताप नाही, दुखणं नाही. पण शरीर इन्सुलिनला जुमानेनासं होतं. गंमत म्हणजे, राबणारा स्नायूही आयएल-६च सोडतो. फरक एवढाच, की चरबीचा नळ दिवसरात्र ठिबकतो, स्नायूचा थोडा वेळ उघडून बंद होतो आणि त्यामागून सूज शमवणारं आयएल-१० वाढतं. म्हणून तो नळ आठवड्यातून बऱ्याचदा उघडायला हवा.

पहिले दोन आठवडे दोन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं चाला, बस्स. मग आठवड्याचे पाच दिवस अर्धा तास भरभर चाला. बोलता येतंय पण गाणं म्हणताना धाप लागते, हा योग्य वेग. गप्पा रंगल्या असतील तर ती शतपावली झाली.

दोन दिवस ताकदीचे ठेवा. खुर्ची भिंतीला टेकवा, पाय खांद्याएवढे फाका, टाचा जमिनीला. तीन आकडे मोजत खाली या, बूड खुर्चीला लागलं न लागलं की उठा. धपकन बसलात तर मांडीला काम उरत नाही आणि गुडघ्याला दणका बसतो. दहादा करा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा दहा. शेवटचे दोन जड जायला हवेत; सहज जमले तर दोन किलो तांदळाची पिशवी छातीशी धरा. जोडीला भिंतीवरचे जोर, तेही दहा-दहा.

बिघडतं ते बहुधा रविवारी. आठवडाभर खुर्चीत आणि एकदम १०८ सूर्यनमस्कार: स्नायू फाटतात, सूज उलट वाढते, बुधवारपर्यंत जिना उतरवत नाही, आणि व्यायाम सुटतो. दुसरा घोळ खाण्याचा. अर्ध्या तासाच्या चालण्यात सत्तर किलोच्या माणसाच्या साधारण १५० कॅलरी जातात. परतताना खाल्लेला एक वडापाव त्याच्या जवळपास दुप्पट भरतो.

काटा महिनाभर हलला नाही तरी चालणं सोडू नका, कारण पोटातली चरबी वजनाआधी कमी होऊ शकते. टेप मात्र महिन्यातून एकदाच, सकाळी उपाशीपोटी.

एचएस-सीआरपी, म्हणजे रक्तातलं थोडंसं सीआरपीही मोजणारी चाचणी, करायची असेल तर सर्दी-ताप, दाढदुखी किंवा जोरदार व्यायामानंतर लगेच रक्त देऊ नका. १ मिलिग्रॅम प्रति लिटरखाली उत्तम, ३च्या वर जास्त. १०च्या वर गेली तर बहुधा संसर्ग असतो, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डोस डॉक्टरांशी बोलून ठरवा आणि चालताना खिशात साखरेची पुडी ठेवा. छातीत दाटलं, डाव्या हातात कळ आली किंवा घेरी आली, तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा.