मागच्या सस्पेन्शनचे बुश घरी बदलताय? निदान या चुका टाळा

नवे बुश, म्हणजे चाक धरणारा आर्म (वरखाली होणारा लोखंडी दांडा) गाडीला जोडणारे रबरी सांधे, बसवून चार महिने होत नाहीत तोच गाडी पुन्हा टकटक करायला लागली, की माणूस पहिली शिवी पार्टला घालतो. माल डुप्लिकेट निघाला, हल्ली रबरात दम राहिला नाही, वगैरे. मीही घातली होती. आता कोणी अशी तक्रार घेऊन आलं की मी एवढंच विचारतो: शेवटचे बोल्ट आवळले तेव्हा चाकं जमिनीवर होती की हवेत? बहुतेक वेळा समोरचा गप्प होतो.

बोल्ट हवेत आवळणे

साध्या रबरी बुशात मधोमध लोखंडी नळी असते, तिच्याभोवती रबर आणि बाहेरून पत्र्याची किंवा प्लास्टिकची बाही. रबर त्या नळीला कायमचं चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की नळी गाडीच्या तळाला असलेल्या ब्रॅकेटच्या दोन कानांमध्ये चिमटली जाते आणि तिथेच घट्ट राहते. बाहेरची बाही आर्ममध्ये दाबून बसवलेली, तीही हलत नाही. मग आर्म वरखाली होतो तेव्हा हलतं काय? फक्त रबर पिळलं जातं. हे बेअरिंग नव्हे. इथे काही गोल फिरत नाही की घसरत नाही.

आता गाडी जॅक स्टँडवर (उचललेली गाडी पेलणाऱ्या लोखंडी तिपाईवर) आहे, चाक खाली लोंबतंय आणि तुम्ही टॉर्क पाना (ठरवलेल्या जोराला टक् करणारा) लावून टक् आवाज येईपर्यंत बोल्ट आवळलात. म्हणजे रबराला सांगितलंत की लोंबकळणं हीच तुझी आरामाची जागा. गाडी खाली उतरवल्याक्षणी ते पिळलं जातं आणि तसंच राहतं, गाडी नुसती उभी असली तरी. हिशोब साधा आहे. आर्म ४० सेंटिमीटर लांब असेल आणि चाक नेहमीच्या जागेपेक्षा १० सेंटिमीटर खाली लोंबत असेल, तर हा पिळा १४ अंशांच्या आसपास जातो. त्यात खड्डा आला, डिकीत सामान भरलं, की आणखी भर. रबर किती दिवस सोसणार?

माझ्या पहिल्या कामात मी नेमकं हेच केलं. दोन दिवस गाडीखाली लोळून, हाताची सालं काढून बुश बसवले, आकड्याप्रमाणे टॉर्क दिला आणि स्वतःवर खूश होऊन गाडी उतरवली. मागून ती जरा उंच आणि ताठ वाटत होती. मी म्हटलं, नवे बुश आहेत, असंच असणार. चार महिन्यांत आवाज परत. तणतणत पुन्हा सगळं खोललं, फाटके बुश दुकानदाराच्या तोंडावर फेकायचे म्हणून हातात घेतले आणि तिथेच थबकलो. डावा आणि उजवा एकाच जागी, एकाच दिशेने फाटले होते. आरसा धरावा तसे. मालात खोट असती तर ती दोन्हीकडे इतकी शिस्तीत कशी फाटली असती? दुकानात गेलो तो भांडायला नाही, दुसरी जोडी घ्यायला.

तेव्हापासूनची माझी सवय अशी. गाडी उचलण्याआधी, सपाट जागी, डिकी रिकामी असताना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजतो. टायरच्या तळापासून मोजायचं नाही, कारण चाक काढल्यावर तो आकडा कामाचा राहत नाही. आकडा कागदी चिकटपट्टीवर लिहून त्याच मडगार्डवर डकवतो, दोन्ही बाजूंना वेगवेगळा. नवा बुश बसल्यावर बोल्ट घालतो, पण नट हातानेच, जेमतेम टेकेल इतका. मग चाकं लावायची, चाकांखाली जाड फळ्या ठेवून गाडी त्यांवर उतरवायची, डिकीवर जोर देऊन तीन-चारदा दाबायची आणि अंतर पुन्हा मोजायचं. आकडा जुळला की मग टॉर्क पाना. फळ्यांमुळे हात घालायला जागा मिळते आणि गाडी स्वतःच्या चाकांवर असते. काही जण आर्मखाली जॅक लावून चाक त्या उंचीपर्यंत उचलतात. तेही चालतं, पण त्या क्षणी त्या कोपऱ्याचं जवळजवळ सगळं वजन जॅकवर येतं आणि गाडी स्टँडवरून सुटू पाहते. मला ते आवडत नाही.

बुश खराब आहे हे न बघताच खोलणे

भाच्याने एक अख्खा शनिवार-रविवार घालून दोन्ही बुश बदलले. सोमवारी फोन: "मामा, आवाज तसाच आहे." मी म्हटलं, डिकी पूर्ण रिकामी कर आणि एक चक्कर मारून ये. स्टेपनीशेजारचा जॅक त्याच्या खाचेत नीट बसलाच नव्हता. गतिरोधक आला की तो पत्र्यावर आपटायचा.

मागून आवाज आला म्हणजे बुशच, असं नसतं. शॉकअब्सॉर्बरचं वरचं माउंट, अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंका, सायलेन्सरचे रबरी हँगर, सैल स्टेपनी, सगळ्यांचे आवाज मागच्या सीटवरून सारखेच ऐकू येतात. बुश गेला असेल तर आवाजाबरोबर दुसरी लक्षणंही दिसतात: वळणावर मागची बाजू उशिरा वळल्यासारखी वाटते, ब्रेक मारताना शेपूट किंचित सरकते, मागचे टायर एका कडेने झिजतात. खात्री करायची तर गाडी स्टँडवर घेऊन आर्म आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये छोटी पहार घाला आणि हलकेच उचका. रबर थोडं दबून परत येणं ठीक. लोखंडावर लोखंड आपटलं, किंवा रबर नळीपासून सुटून फट पडली, तर तो गेला. वरवरच्या केसासारख्या भेगा म्हणजे नुसतं वय. आणि हो, बऱ्याच बुशांच्या रबरात मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या असतात. त्यांना फाटलेलं समजून चांगले बुश काढून टाकणारे मी पाहिलेत.

दिशा न बघता दाबणे

त्या पोकळ्यांच्या दिशेने बुश मऊ असतो, भरीव दिशेने कडक. म्हणजे पुढे-मागे थोडं लवचीक आणि आडवं ताठ, किंवा त्या गाडीला जे हवं ते. बुश ९० अंशांनी फिरवून बसवला की मऊपणा नको तिथे जातो. सगळं नवं असूनही गाडी मागून डुलते आणि तुम्ही टायरवाल्याकडे खेटे घालत बसता. बुशावर बाण किंवा खूण असते. आर्मवरही बहुधा असते, पण गंजाखाली. म्हणून जुना काढण्याआधी पोकळी आर्मच्या नेमक्या कुठल्या जागेसमोर येते तिथे रंगाची खूण करा, बुश किती बाहेर आलेला आहे ते मोजा आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढा. डावा-उजवा वेगळे असू शकतात, तेव्हा एकाचा फोटो दुसऱ्याला लावू नका. एका बाजूला कॉलर (बाहेर आलेली कड) असेल तर बुश एकाच दिशेने निघतो. उलटीकडून जोर लावाल तर तो जन्मात निघणार नाही.

जाळून काढणे

याबद्दल मी शांतपणे लिहू शकत नाही. जुना बुश निघत नाही म्हणून ब्लो टॉर्चने रबर पेटवायचं, ही युक्ती अजून चालते आणि वर अभिमानाने सांगितली जाते. बऱ्याच गाड्यांत मागच्या ॲक्सलच्या अगदी पुढेच इंधनाची टाकी असते. ब्रेकचे पाइप तिथूनच जातात. ओळखीतल्या एकाने हे केलं तेव्हा मी शेजारी उभा होतो. रबराआधी पेटला तो गाडीच्या तळाचा डांबरासारखा लेप. ज्वाळा ब्रेकच्या पाइपाकडे सरकत होती आणि हा पठ्ठ्या म्हणतो, "थांब, आता सुटेलच." ओलं पोतं हाताशी होतं म्हणून निभावलं. जळक्या रबराचा धूर फुप्फुसात गेला तो वेगळाच. आर्म गाडीवरून उतरवलेला असला तरी मी आग लावत नाही.

मी काय करतो ते सांगतो. काम शनिवारी असेल तर गंज सोडवणारं तेल गुरुवारी, शुक्रवारी आणि शनिवारी सकाळी मारतो. बोल्ट बुशाच्या आतल्या नळीला गंजून चिकटलेला असेल तर तो नळीसकट फिरतो, रबर पिळलं जातं आणि तुम्हाला वाटतं बोल्ट सुटतोय. तो सुटत नसतो. तेल, हातोड्याचे हलके ठोके, पुन्हा तेल. घाई झालेल्यांनी इथेच पाना बाजूला ठेवून घरात जावं.

बुश काढायला जाड आट्यांचा रॉड, दोन नट, जाड वॉशर आणि दोन वाट्या: एक बाहीपेक्षा किंचित लहान, ढकलायला; दुसरी बुश आत मावेल एवढी मोठी, पलीकडून टेकायला. रॉड कच्च्या लोखंडाचा नको, आटे दोन फेऱ्यांत सोलून निघतात. ८.८ (हा मजबुतीचा दर्जा) किंवा त्यावरचा घ्या आणि आट्यांना भरपूर ग्रीस लावा. एवढं करूनही हलला नाही तर रबर ड्रिलने पोखरून मधली नळी काढा, हॅकसॉचं पातं आतून घालून फक्त बाही कापा आणि छिन्नीने आत दुमडा. पातं आर्मच्या लोखंडाला लागायच्या आधी थांबायचं. तिथे खोल चर पडला की नवा बुश कायम कुरकुरत राहतो.

नवा बुश आतल्या नळीवरून ढकलणे

जोर फक्त बाहेरच्या बाहीवर. आतल्या नळीवर दाब दिलात तर चिकटवलेलं रबर तिथल्या तिथे उकलतं, आणि ते बाहेरून दिसतही नाही. हातोड्याने ठोकून बसवणाऱ्यांची बाही कडेला चेमटते, मग ती तिरकी जाते. पहिले दोन-तीन मिलिमीटर सरळ गेले तर पुढचं सरळ जातं. तिरका वाटला तर मागे काढा, जोर वाढवू नका.

बुश फ्रीजरमध्ये ठेवायची युक्ती चांगली आहे, पण तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. ६० मिलिमीटर व्यासाची स्टीलची बाही ४० अंशांनी थंड झाली तर जेमतेम ०.०३ मिलिमीटर आकसते. सुरुवात सोपी होते, इतकंच. खरा फरक आर्मचं भोक पॉलिश पेपरने गंजमुक्त केल्याने पडतो, आणि ते काम कोणालाच करायचं नसतं.

वंगण म्हणून साबणाचं पाणी. इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस नैसर्गिक रबराला फुगवतं आणि मऊ करतं.

बाकीचं थोडक्यात

हँडब्रेक ओढलाय म्हणून निर्धास्त राहू नका. बहुतेक गाड्यांत तो मागच्याच चाकांवर असतो आणि तीच तर तुम्ही हवेत उचललीत. पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा, आणि पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर ती गिअरमध्येही ठेवा. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरणाऱ्याला माझ्याकडून सल्ला मिळत नाही, ओरडा मिळतो.

ॲक्सल खाली सोडताना ब्रेकचा रबरी पाइप, एबीएसची वायर आणि हँडब्रेकची केबल आधी क्लिपांतून मोकळी करा. ॲक्सलचं वजन पाइपावर लटकलं तर तो आतून फाटतो.

शॉकअब्सॉर्बरचा खालचा बोल्ट काढण्याआधी आर्मखाली जॅक हवाच. तोच बोल्ट आर्मला अडवून असतो. तो निघाला की स्प्रिंग उसळून बाहेर येऊ शकते.

एकाच बाजूचा बुश बदलू नका.

लॉकिंग नट (आपोआप सैल न होणारे) एकदाच वापरायचे असतात, नवे घ्या. बोल्टच्या गुळगुळीत भागाला गंजरोधक लेप अगदी पातळ लावा. तो आट्यांना लागला तर टॉर्कचा आकडा तोच दिसतो, पण बोल्टवर ताण जास्त येतो.

पॉलियुरेथेनच्या (रबराऐवजी कडक प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या) बुशांचा मोह नव्याने शिकणाऱ्यांना फार. रोजच्या गाडीला मी बसवत नाही. रबर सगळ्या दिशांना थोडं थोडं वळतं, पॉलियुरेथेनला ते जमत नाही. मग आर्म अडखळतो, ग्रीस संपलं की चुंईचुंई सुरू होते आणि रस्त्याचा प्रत्येक खडा पाठीला कळतो.

मल्टिलिंक सस्पेन्शनमध्ये (प्रत्येक चाकाला अनेक आर्म असतात ते) ज्या बोल्टांना चाकाचा कोन जुळवणारा कॅम (भोक मध्यापासून सरकलेली चकती) असतो, त्यांची जागा सोडवण्याआधी छिन्नीने खुणावून ठेवा. खूण जुळवली तरी अलाइनमेंट करून घ्यावीच लागते, खूण फक्त तिथपर्यंत गाडी सरळ न्यायला. टॉर्शन बीमच्या (दोन्ही मागची चाकं एकाच आडव्या बीमने जोडलेल्या) बऱ्याच गाड्यांत मागे जुळवायला काही नसतं, तिथेही एकदा मोजून घ्या. बीम तिरका बसला असेल तर तेव्हाच कळतं.

सगळं आवळून झालं की मी नटावरून ब्रॅकेटपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढतो. आठवडाभर गाडी चालवायची, मग टॉर्च घेऊन वाकून बघायचं. रेघ सलग असेल तर हात लावायचा नाही. तुटलेली दिसली तर नट पुन्हा नवा घालायचा आणि आवळायचा, अर्थात गाडी फळ्यांवर उभी करून.