स्टोरेज रिपोर्ट बघून लगेच डिलीट मारता? या चुका टाळा

फाइल रिपोर्टिंगच्या, म्हणजे सर्व्हरवरच्या फायलींचा हिशोब दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्वी कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली एवढंच कळायचं. आता फाइल कुणाची, शेवटची कधी उघडली, तिच्या प्रती किती, हक्क कुणाकुणाला, सगळं एका पानावर दिसतं. आणि त्याच पानावर, हाताशीच, 'जुन्या फायली हलवा' असं बटणही असतं. ते बटण आल्यापासून मला येणारे फोन वाढलेत.

सगळ्यात महाग चूक म्हणजे 'शेवटची उघडलेली तारीख' हा रकाना खरा मानणं. गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात फाइल सर्व्हरची डिस्क काठोकाठ भरली. आयटीतला पोरगा हुशार, पण त्याला लवकर घरी जाऊन माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची सजावट, बांधायची होती. त्याने 'तीन वर्षांत न उघडलेल्या फायली' ही तयार यादी काढली, बटण दाबून सगळा माल बाहेरच्या डिस्कवर हलवला, डिस्क कपाटात, किल्ली खिशात आणि स्वारी घरी.

सुटी संपली आणि डिझाइन विभागात बोंब उठली. एकाही ड्रॉइंगला चौकट नाही. कंपनीचं नाव, स्केल, ड्रॉइंग नंबर असतो तो उजवा कोपरा रिकामा, आणि चौकटीच्या जागी फाइलच्या पाथची नुसती एक ओळ. ती चौकट म्हणजे २०११ साली केलेली एक वेगळी फाइल होती. प्रत्येक ड्रॉइंग तिला एक्सरेफ म्हणून, म्हणजे बाहेरच्या फाइलचा दुवा म्हणून, ओढून घेत होतं. वाचत तिला सगळेच होते, बदलत कुणीच नव्हतं. रिपोर्टच्या लेखी ती मेलेली.

"सर, टूलनंच दाखवलं होतं," पोरगा म्हणाला. दाखवलं होतं, खरंच. पण विंडोज व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ पासून एनटीएफएसवर, म्हणजे विंडोजच्या फाइल सिस्टिमवर, ही तारीख लिहिणं मुळातच बंद ठेवलेलं असतं, डिस्कवरचा भार वाचावा म्हणून. मग फाइल रोज वीसदा उघडा, रकान्यात ती सर्व्हरवर आली त्या दिवसाचीच तारीख बसून राहते. नव्या विंडोजमध्ये हे चालू की बंद, ते विंडोज स्वतः ठरवू शकते, म्हणून शेजारशेजारच्या दोन सर्व्हरांचं उत्तरही वेगळं येऊ शकतं. चालू असलं तरी सुटका नाही. एखादं साधं बॅकअप टूल किंवा प्रती शोधायला प्रत्येक फाइल आतून वाचणारं स्कॅन फिरून गेलं की सगळ्याच फायली आज उघडल्यासारख्या दिसतात.

माझी सवय सांगतो. रिपोर्ट चालवण्याआधी 'एफएसयुटिल' कमांडने त्या सर्व्हरलाच विचारतो की बाबा, तारीख लिहितोस का. नाही म्हणाला तर तो रकानाच रिपोर्टमधून काढून टाकतो. आणि जे हलवायचं ते आधी त्याच डिस्कवरच्या 'माळा' नावाच्या फोल्डरमध्ये टाकतो. एक तिमाहीअखेर उलटेपर्यंत तिथून काही खाली उतरत नाही. यावर प्रत्येक नवशिका विचारतो, "पण सर, यानं जागा कुठे मोकळी झाली?" नाही झाली. जागा हवी असेल तर डिस्क विकत घ्या. तीन महिन्यांची कळ सोसवत नसेल तर दुसऱ्याच्या फायलींना हात लावू नका.

'मालक' या रकान्यावरून तर लोक भांडणं लावतात. अर्धा सर्व्हर 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स'च्या नावावर दिसतो, म्हणून आयटीवाल्यांना जाब विचारला जातो. कधीतरी डेटा जुन्या सर्व्हरवरून रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी-कमांडने आणलेला असतो, आणि ती सांगितल्याशिवाय मालकाचं नाव सोबत आणत नाही. झालं एवढंच असतं.

प्रती शोधताना टूल प्रत कशाला म्हणतं ते आधी बघा. विंडोज सर्व्हरसोबत येणाऱ्या एफएसआरएम या फाइल-व्यवस्थापनाच्या टूलचा रिपोर्ट नाव, आकार आणि बदलाची तारीख जुळली की प्रत मानतो, आत डोकावत नाही. आणि व्हॉल्यूमवर (डिस्कच्या त्या भागावर) डीडुप्लिकेशन, म्हणजे सारखा मजकूर एकदाच साठवायची सोय, चालू असेल तर प्रती पुसून हाती फार काही लागत नाही, त्यांचा मजकूर आधीच एकदाच साठवलेला असतो.

स्कॅन ज्या यूजर-अकाउंटने चालतं त्याला एचआरचं फोल्डर वाचता येत नसेल तर रिपोर्टात ते शून्य दिसतं. ते रिकामं नाही, बंद आहे.

आता माझं दुसरं दुखणं, जे बाहेरच्या ब्लॉगवर सापडणार नाही: देवनागरी नावं. फोंड्याकडच्या एका संस्थेने देवस्थानाच्या महाजनांच्या सभांची जुनी इतिवृत्तं स्कॅन करून ठेवली होती. नावं अशी की जणू फाइलच्या नावातच इतिवृत्त लिहून टाकलंय: सभेचं ठिकाण, तिथी, अध्यक्ष, ठराव. विंडोजवर सगळं सुखात. नव्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणुकीच्या पेटीवर, कॉपी केलं आणि रिपोर्टातला आकडा कमी आला. कॉपी करणाऱ्याने "थोडाफार फरक पडतोच" म्हणून जुनी डिस्क पुसायला घेतली होती. मी योगायोगाने तिथे होतो.

नॅसच्या आत बहुधा लिनक्स असतं, आणि तिथल्या एक्स्ट-४ सारख्या फाइल सिस्टिममध्ये नावाची मर्यादा २५५ अक्षरांची नसून २५५ बाइटांची असते. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइट घेतं, म्हणजे ८५ चिन्हं झाली की खेळ खलास. त्यात काना-मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात. नुसतं 'श्री' लिहिलंत तर श, हलन्त, र आणि दीर्घ ईकार मिळून १२ बाइट गेले. एका देवस्थानाच्या नावात तीनदा श्री येतो, मग हिशोब करा! लांब नावाच्या फायली कॉपीच झाल्या नव्हत्या. लॉगमध्ये एकेक चूक नोंदलेली होती, पण लॉग उघडायला वेळ कुणाला?

तेव्हापासून मी कॉपीच्या दोन्ही टोकांना फायलींची संख्या मोजतो, नुसते जीबी जुळवत नाही. एका फाइलचा जरी फरक आला तरी नावानिशी शोधतो. आणि रिपोर्टची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी फाइल) एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडत नाही, डेटा टॅबमधून यूटीएफ-८ निवडून आत घेतो. नाहीतर मराठी नावांच्या जागी कचरा दिसतो आणि कुणीतरी त्या फायली खराब समजून पुसून टाकतं. असा एकजण मला म्हापशात भेटलाय.