रिलीजच्या तोंडावर कंपायलरमधील दुबार गणना काढताना या चुका टाळा

एलएलव्हीएम आणि जीसीसी हे कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारे प्रोग्रॅम. एलएलव्हीएमची रिलीज शाखा (प्रकाशनासाठी मुख्य कोडपासून वेगळी काढलेली प्रत) साधारणपणे जानेवारीत आणि जुलैत फुटते, आणि जीसीसीच्या चौथ्या, म्हणजे प्रकाशनाआधीच्या शेवटच्या टप्प्यात मुख्यतः रिग्रेशन (आधी चालणारे, पण नव्या बदलाने मोडलेले) दुरुस्त करणारे बदलच घेतले जातात. तरीही सांगलीतल्या आमच्या छोट्या गटात नेमक्या याच सुमारास कोणाला तरी साफसफाईची हुक्की येते आणि ‘हे दोनदा कशाला मोजायचे?’ असे म्हणत पॅच (कोडमधील बदलाचा प्रस्ताव) येऊन पडतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मॅपमधील (किल्लीवरून मूल्य शोधण्याच्या तक्त्यातील) नोंद एकदाच शोधून तिचा रेफरन्स (मेमरीतील जागेचा दुवा) धरून ठेवणे. एका हुशार पण उतावळ्या सहकाऱ्याने लूपमध्ये त्याच ब्लॉकची (सलग चालणाऱ्या सूचनांच्या तुकड्याची) नोंद डेन्समॅपमधून, म्हणजे एलएलव्हीएमच्या स्वतःच्या मॅपमधून, तीनदा शोधली जाते हे हेरले आणि पहिला रेफरन्स ठेवून उरलेले दोन शोध काढून टाकले. मधले एक हेल्पर फंक्शन त्याच मॅपमध्ये नव्या नोंदी घालत होते, हे त्याने पाहिले नाही. स्टँडर्ड लायब्ररीच्या अनऑर्डर्ड मॅपमध्ये रिहॅशनंतरही (नोंदी नव्याने लावल्यावरही) रेफरन्स वैध राहतो. डेन्समॅप मात्र वाढताना सर्व नोंदी नव्या जागी हलवतो आणि जुना रेफरन्स मोकळ्या झालेल्या मेमरीवर लोंबकळत राहतो. रिकामा डेन्समॅप पहिल्यांदा ६४ जागा घेतो आणि ४८वी नोंद येताच दुप्पट होतो. आमच्या चाचण्यांतील फंक्शने चार-पाच ब्लॉकांची असल्यामुळे सगळे हिरवे दिसले. पुढे ग्राहकाच्या लांबलचक स्विच असलेल्या फाइलवर कंपायलर कधी कोसळे, तर कधी न कोसळता चुकीचा कोड काढी, आणि हा दुसरा प्रकार अधिक वाईट होता. मेमरीच्या चुका पकडणाऱ्या ॲड्रेस सॅनिटायझरने दोष पहिल्याच धावेत दाखवला. तो आधी चालवण्याचा कंटाळा केला गेला होता, एवढेच. या खटाटोपातून वाचलेला वेळ मोजमापाच्या चढउतारात दिसलासुद्धा नाही.

म्हणून दोन गणनांच्या मध्ये येणारे प्रत्येक फंक्शन मी कागदावर लिहून काढतो आणि ते काय बदलू शकते हे आत शिरून वाचतो. नावावरून अंदाज बांधण्याला मी वाचन म्हणत नाही.

डॉमिनेटर ट्री (कोणत्या ब्लॉकपर्यंत जाताना कोणता ब्लॉक ओलांडावाच लागतो याचा आराखडा) पुन्हा बांधली जाऊ नये म्हणून पासने (कोडवरून फिरणाऱ्या कंपायलरच्या एका टप्प्याने) ‘सर्व विश्लेषणे जपली’ असे जाहीर करणे ही शुद्ध थाप आहे. सीएफजी (ब्लॉकांमधील वाटांचा आलेख) बदलला असेल तर ट्री खरोखर अद्ययावत करावी. असर्टच्या (गृहीतक खरे आहे का हे तपासणाऱ्या ओळीच्या) आतील गणनेला साइड इफेक्ट नसावा, म्हणजे तिने बाहेरचे काही बदलू नये, कारण रिलीज बिल्डमध्ये ती ओळच उरत नाही. नावे बदलणे आणि गणना काढणे एकाच पॅचमध्ये कोंबू नये, अन्यथा तो मागे घेताना हाल होतात. सांगलीच्या मे महिन्यातील उन्हाळ्यात तापलेला लॅपटॉप स्वतःच वेग उतरवतो, तेव्हा घड्याळ न पाहता पर्फने (लिनक्सवरील मोजमापाच्या साधनाने) चाललेल्या इन्स्ट्रक्शन मोजाव्यात.

एवढे करूनही मी जुनी गणना लगेच पुसत नाही. ती असर्टमध्ये ठेवून नव्या उत्तराशी ताडतो आणि कंपायलरचा कोड त्याच नव्या कंपायलरकडून पुन्हा बांधून घेतो. बचत एक टक्क्याच्या आत असेल, तर शाखा फुटेपर्यंत पॅच थांबवून नंतर मुख्य शाखेत आणायला सांगतो. त्यावर रुसणारे रुसतात.