जुन्या स्पोर्ट्स कारचे इंजिन मिसिंग मारते तेव्हा या चुका टाळा

गोव्यात जुन्या मोटारी सांभाळणाऱ्यांची ही तक्रार बहुधा चतुर्थीनंतर, पाऊस ओसरू लागला की ऐकू येते. जूनपासून शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी चालू होते खरी, पण आयडलिंगला थरथरते, मिसिंग मारते (म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही) आणि पर्वरीच्या चढावर पिकअप सोडते. अशा वेळी मालकाचा, आणि पुष्कळदा मेस्त्रीचाही, हात पहिल्यांदा कार्बोरेटरच्या स्क्रूकडे जातो. माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच, कारण उभ्या गाडीत कार्बोरेटरचे सेटिंग आपोआप फिरत नाही. दमट हवेत बिघडतात ते पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे विजेचे संपर्क, आणि पेट्रोल.

उदाहरणादाखल 1962 ते 1980 या काळात तयार झालेली एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेऊ. तिच्या 1798 सीसीच्या चार सिलिंडर इंजिनावर बहुतेक गाड्यांत एसयू बनावटीचे दोन कार्बोरेटर असतात. पुढचा मुख्यतः पहिल्या व दुसऱ्या सिलिंडरला पेट्रोल पुरवतो आणि मागचा तिसऱ्या व चौथ्याला. इंजिन चालू असताना इन्सुलेटेड पक्कडीने एकेका प्लगची कॅप काढून पाहावी. जी काढल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. एकच सिलिंडर मेलेला असेल तर प्लग, त्याची वायर किंवा व्हॉल्व्ह तपासावा. पहिला आणि दुसरा दोन्ही मंद असतील तर संशय पुढच्या कार्बोरेटरवर जातो, मात्र शेजारच्या दोन सिलिंडरांमधली हेड गॅस्केट गेली असली तरी लक्षण असेच दिसते, म्हणून कॉम्प्रेशन गेज लावल्याशिवाय निकाल देऊ नये. चारही सारखेच अडखळत असतील तर प्लगांना वीज वाटणारा डिस्ट्रिब्यूटर उघडावा; पॉइंट त्यातच असतात.

पॉइंटवर पांढुरकी बुरशीसारखी पूड किंवा खड्डे दिसतील. ते घासून, फीलर गेजने 0.35 ते 0.40 मिलिमीटर गॅप ठेवावा. येथे क्रम चुकवू नये: गॅप बदलला की टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) सरकते, त्यामुळे आधी टायमिंग जुळवून मग पॉइंट सेट करणाऱ्याची मेहनत वाया जाते. थंड असताना ठीक चालणारी आणि तापल्यावर झटके देणारी गाडी असेल तर पॉइंटना जोडलेल्या कंडेन्सरवर संशय घ्यावा. नवा आहे म्हणून तो चांगला असेलच असे नाही. सुटे भाग म्हणून मिळणारे कंडेन्सर लवकर दगा देतात, म्हणून जुना चालता कंडेन्सर मी फेकत नाही.

टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या यंत्रणेतल्या फटीचा) आवाज येत नाही म्हणून समाधान मानणे ही दुसरी गंभीर चूक आहे. गॅप कमी असलेला टॅपेट शांत असतो, पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि हळूहळू जळतो. थंड इंजिनात 0.38 मिलिमीटर गॅप ठेवावा. त्यासाठी आठ व्हॉल्व्हना ओळीने क्रमांक देऊन नऊचा हिशेब सोपा पडतो: पहिला व्हॉल्व्ह पूर्ण दबलेला असताना आठवा सेट करावा, तिसरा दबलेला असताना सहावा, म्हणजे दोन्ही आकड्यांची बेरीज नऊ व्हावी.

पेट्रोलचा प्रश्न आता अधिक बिकट झाला आहे. पंपावर मिळणाऱ्या ई-20 पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते; ते हवेतली ओल शोषून घेते, आणि पाणी जास्त झाले की इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने जुन्या सेटिंगवर मिश्रण पातळ होते (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते), आणि जुन्या प्रकारचे रबरी पाइप फुगतात किंवा भेगाळतात. पावसाळ्याआधीचे उरलेले पेट्रोल काढून टाकावे. ‘थोडे नवे घालू, जुने संपेल’ हा हिशेब कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये गाळ करून जातो.

हवेची गळती शोधण्यासाठी तापलेल्या इंजिनावर पेट्रोल किंवा स्प्रे उडवण्याचे धाडस कोणी करू नये. रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे मॅनिफोल्डच्या गॅस्केटवरून आणि थ्रॉटलच्या स्पिंडलभोवती फिरवले की फुसफुस स्पष्ट ऐकू येते. डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी व्हॅक्यूमची नळी कार्बोरेटरच्या बाजूने सोडवून तोंडाने ओढून जिभेने बंद करावी; ओढ टिकली नाही तर डिस्ट्रिब्यूटरवरच्या व्हॅक्यूम डबीतला पडदा (डायफ्रॅम) फाटला आहे.

एवढे झाल्यावरच कार्बोरेटरला हात लावावा. प्रथम दोन्हींच्या डॅशपॉटमध्ये (वरच्या तेलाच्या नळीत) तेल आहे ना, कार्बोरेटरमधला पिस्टन उचलून सोडल्यावर ‘टक्’ आवाज करून खाली बसतो ना, हे पाहावे. मग तापलेल्या इंजिनात पिस्टन जेमतेम 0.8 मिलिमीटर उचलावा. वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रण जाड, इंजिन बंद पडू लागले तर पातळ. किंचित वाढून पूर्ववत झाला तर सेटिंग योग्य. मिश्रण ठरवणारा, कार्बोरेटरखालचा जेटचा नट फिरवण्याआधी तो पूर्वी कुठे होता याची खूण करून ठेवावी.