मनाली-लेहला सायकलगट घेऊन जायचा आहे? तयारी अशी करा

मनाली-लेह सायकलने करून आलेले लोक आता पुण्या-मुंबईतच नाही, तर नाशिक, सातारा, कोल्हापूर असे सगळीकडे भेटतात. त्यातल्या काहींना परतल्यावर वाटू लागतं की पुढच्या वर्षी आपणच दहा-बारा जणांना घेऊन जावं. मग फोन येतो, ‘ताई, तयारी कुठून सुरू करू?’ पहिला प्रश्न बहुतेक वेळा सायकलचा असतो. कोणते गिअर, कोणते टायर, रोज किती किलोमीटर. हे सगळं लागतंच. पण गट नेणाऱ्याची मोठी तयारी वेगळी आहे. उंचीमुळे कुणाचं डोकं दुखायला लागलं तर ते त्याच संध्याकाळी आपल्याला कळलं पाहिजे. त्याने ते न लाजता सांगावं, यासाठी घरी असतानाच काय काय करून ठेवावं लागतं, मुख्यतः त्याबद्दल मी लिहिते आहे.

आधी रस्ता समजून घ्या. अंतरं कुणालाही पाठ होतात, तुम्ही उंच्या पाठ करा. मनाली साधारण २,०५० मीटरवर. रोहतांग ३,९७८. पलीकडे उतरून चंद्रा नदीच्या खोऱ्यात सिस्सू, पुढे केलाँग आणि जिस्पा, हे सगळे तीन हजार ते बत्तीसशेच्या आसपास. इथपर्यंत निवांत. त्यानंतर बारालाचा ला (ला म्हणजे खिंड), सुमारे ४,८९०. पलीकडे सरचू, जवळपास ४,२९०. मग गाटा लूप्सची एकवीस वळणं चढून नकी ला, पाठोपाठ पाच हजारांवरचा लाचुलुंग ला, खाली पांग ४,६००. मोरे प्लेन्सचं सपाट पठार ओलांडलं की टांगलांग ला, ५,३२८. तिथून रुमत्से, उपशी, लेह.

आता या आकड्यांकडे आजारी माणसाच्या नजरेने पाहा. उंचीचा त्रास वाढला की एकच खात्रीचा इलाज असतो, खाली उतरणं. सरचूत रात्री कुणाची तब्येत बिघडली, तर खाली कुठे नेणार? मनालीकडे जायचं तर आधी बारालाचा चढावा लागतो. लेहकडे जायचं तर वाटेत तीन खिंडी. पांगचंही तेच, दोन्ही बाजूंनी आधी चढ. म्हणजे ‘याला पुढे न्यायचं का’ हा निर्णय सरचूत पोचल्यावर घेऊन भागत नाही. तो बारालाचाच्या अलीकडे, पत्सेओ किंवा झिंगझिंगबारच्या मुक्कामात घ्यायचा असतो, जिथून गाडीने तास-दोन तासांत हजारभर मीटर खाली उतरता येतं. या वाटेवर माझ्या लेखी गटप्रमुखाची कसोटी लागते ती इथे. टांगलांग ला त्या मानाने सोपा, कारण तोवर शरीरं रुळलेली असतात.

मुक्काम ठरवताना तीन हजार मीटरच्या वर एक नियम पाळा. झोपायची उंची एका दिवसात तीनशे ते पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. जिस्पाहून थेट सरचू म्हणजे एका दिवसात हजार मीटरहून अधिक. मोटारीने जाणारे असं करतात आणि रात्रभर डोकं धरून बसतात. मी मनालीत दोन रात्री, मग रोहतांगच्या अलीकडचं मढी, सिस्सू, जिस्पा, जिस्पात एक दिवस मुक्काम, मग पत्सेओ आणि त्यानंतर सरचू असं ठेवते. सरचू ते पांग एका दिवसात करण्याचा हट्ट नको, दोन खिंडींच्या मध्ये व्हिस्की नाल्यापाशी तंबू टाकता येतात. शिवाय कागदावर दोन दिवस मोकळे ठेवा. दरड कोसळते, ऑगस्टमध्येही बारालाचावर बर्फ पडू शकतो, कुणाला एक दिवस जास्त लागतो. परतीचं विमान त्या दोन दिवसांच्या पलीकडचं काढा. ‘उद्या फ्लाइट आहे’ या कारणाने घेतलेला निर्णय डोंगरात फार महाग पडतो.

आता माणसं. बीआरएममध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचं अंतर पुरं करायच्या राईडमध्ये, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरं करणारा स्वार चांगला असतो, पण तेवढ्यावर त्याला घेऊ नका. समुद्रसपाटीवरच्या दमाचा आणि उंचीच्या त्रासाचा फारसा संबंध नाही. उलट तरुण, दमदार पोरंच घाईने चढतात आणि आडवी होतात. आपल्याकडे उंचीचा सराव करायला जागाही नाही, कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, म्हणजे मनालीपेक्षाही खाली. त्यामुळे मी निवडीसाठी तीन दिवसांची राईड लावते. पहिल्या दिवशी पुण्याहून खंबाटकी आणि पसरणी घाट चढून महाबळेश्वर. दुसऱ्या दिवशी आंबेनळीने पोलादपूरला उतरून महाड. तिसऱ्या दिवशी वरंध चढून भोरमार्गे पुणे. ही राईड हिवाळ्यात करा, पावसाळ्यात वरंध घाट बंद असू शकतो.

या राईडमध्ये मी वेळ फारशी बघत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी, अंग ठणकत असताना, माणूस कसा वागतो ते बघते. मागे राहिलेल्या काकांसाठी थांबतो का? पाणी संपलं तर सांगतो का, की तसाच रेटतो? पोटऱ्यांत गोळे आले तर लपवतो का? इथे लपवणारा सरचूतही लपवणार. अशाला मी सरळ बाजूला घेऊन बोलते, आणि तरीही पटलं नाही तर नेत नाही. ‘नाही’ हे पुण्यात सांगणं अवघड वाटतं, पण चार हजार मीटरवर सांगण्यापेक्षा कितीतरी सोपं.

अर्ज भरून घेताना रक्तगट, औषधं, ॲलर्जी, आधीची शस्त्रक्रिया, घरच्या दोघांचे फोन नंबर घ्या. चाळिशीपुढच्यांना स्ट्रेस टेस्ट सांगा. विमा काढताना त्यात किती उंचीपर्यंतचे साहसी उपक्रम धरले आहेत ते वाचा, पुष्कळ साध्या पॉलिसींत ते धरलेलेच नसतात.

निघायच्या महिनाभर आधी सगळ्यांची एक बैठक घ्या आणि शक्य असेल तर घरच्यांनाही बोलवा. या बैठकीत एक गोष्ट इतक्या वेळा सांगा की लोक कंटाळले पाहिजेत : बॅकअप गाडीत बसणं म्हणजे राईड सुटणं नाही. आपल्याकडे ‘शेवटपर्यंत चालवत गेलो’ याचं फार कौतुक होतं आणि त्यापायी माणसं मळमळ गिळून पॅडल मारत राहतात. मी हे बोलून थांबत नाही. पहिल्याच टप्प्यात, मढीच्या चढावर, चांगल्या स्वाराला ठरवून थोडा वेळ गाडीत बसवते, कधी मी स्वतः बसते. एकदा प्रमुखच गाडीतून उतरताना दिसली की बाकीच्यांचा संकोच जातो. गटाच्या फोटोत, प्रमाणपत्रात, कुठेही ‘पूर्ण’ आणि ‘अपूर्ण’ असा भेद ठेवू नका.

दुसरी सवय संध्याकाळच्या फेरीची. मुक्कामाला पोचल्यावर अर्ध्या तासाने चहा होतो आणि मी वही घेऊन बसते. प्रत्येकाला चार प्रश्न : डोकं दुखतंय का, मळमळ किंवा भूक नाही असं काही, थकवा किती, गरगरतंय का. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण. लेक लुईस नावाची पद्धत आहे ती हीच. डोकेदुखी आहे आणि एकूण गुण तीन किंवा जास्त झाले, तर तो उंचीचा त्रासच, असं धरून चालायचं. त्या माणसाने दुसऱ्या दिवशी वर जायचं नाही. यावर चर्चा नाही, मतदान नाही. पहिला नंबर मी माझा लावते आणि मोठ्याने सांगते, ‘डोकं एक, बाकी शून्य.’ मग पलीकडचा दादाही खरं सांगतो. सगळ्यांसमोर बोलायला जो बिचकतो त्याच्या तंबूपाशी नंतर एकदा जाऊन यायचं.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर सगळ्यांना आवडतं, पण त्याच्यामागे लागू नका. सरचूत धडधाकट माणसाचाही आकडा ऐंशीच्या घरात येतो. थंडगार बोटावर तो भलताच खाली दाखवतो, नेलपॉलिश असेल तरी गडबड होते. हात चोळून गरम करा, दहा मिनिटं शांत बसू द्या, आकडा स्थिर झाल्यावर लिहा. एकमेकांचे आकडे ताडून बघू नका. त्याच माणसाचा कालचा आणि आजचा आकडा बघा, आणि आकड्याआधी चेहरा बघा.

बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला वाढत असेल, तर फुप्फुसात पाणी होत असल्याची शंका घ्या. बोलणं असंबद्ध होतंय असं वाटलं, तर जमिनीवर सरळ रेघ ओढा आणि टाचेला बोटं लावत चालायला सांगा. तोल जात असेल तर मेंदूला सूज येत असू शकते. दोन्हींत सकाळची वाट पाहायची नाही. ऑक्सिजन लावायचा आणि रात्रीच गाडी खाली काढायची. त्यासाठी सिलिंडर गाडीत कायम हवा, आणि तो कसा उघडायचा हे तुमच्याखेरीज आणखी दोघांना यायला हवं. डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल सगळे विचारतात. ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवायचं. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर नक्कीच. गटप्रमुखाने आपल्या मनाने गोळ्या वाटू नयेत.

यावरून बॅकअप गाडीचं महत्त्व कळेल. ती मनालीचीच घ्या, आणि चालक या रस्त्यावर अनेक हंगाम गाडी चालवलेला असू द्या. कोणत्या नाल्याला दुपारनंतर किती पाणी येतं हे त्या भाईंना नकाशापेक्षा जास्त ठाऊक असतं, त्यांचं ऐका. तांदीला पंपावर टाकी भरायची आणि कॅनही, तिथली पाटीच सांगते की पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर आहे. केलाँगमध्ये एटीएममधून रोकड काढून घ्या. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. तरीही जिस्पाच्या पुढे रेंजवर विसंबून काहीही ठरवायचं नाही. परदेशी मोहिमांचे व्हिडिओ पाहून कुणी सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं गार्मिन इनरीच आणायचं म्हणेल. परवान्याशिवाय ही उपकरणं बाळगणं आपल्या देशात बेकायदा आहे, लोकांना अटक झालेली आहे. सगळ्यांच्या पिशव्यांबद्दल आधीच विचारून घ्या. घरच्यांनाही सांगून ठेवा की अमुक तारखेपासून फोन लागणार नाही.

सायकलींचं थोडक्यात सांगते. गटात शक्यतो एकाच मापाची चाकं असू द्या, म्हणजे ट्यूब आणि टायर अदलाबदलीला येतात. चढासाठी पुढचं सगळ्यात छोटं आणि मागचं सगळ्यात मोठं चक्र वापरायची सवय हवी. ब्रेकपॅड दुप्पट न्या, कारण रोहतांग उतरतानाच ते झिजायला लागतात. आणि एक छोटीशी चीज प्रत्येकाने स्वतःच्या पिशवीत ठेवायची : मागच्या डिरेलरचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या भागाचा, हँगर. ॲल्युमिनिअमचा हा बोटभर तुकडा सायकल आडवी पडली की वाकतो किंवा तुटतो, प्रत्येक मॉडेलला वेगळा लागतो आणि मनाली ते लेहमध्ये कुठल्याही दुकानात मिळणार नाही. तो बदलायचा सराव घरी एकदा करून या.

खाण्याचं सांगायचं तर वर भूक मरते. चौथ्या-पाचव्या दिवशी ढाब्यावरचा राजमा कितीही चांगला असला तरी घशाखाली उतरत नाही, तेव्हा मेतकूट-भात आणि लिंबाचं लोणचं पाहून लोकांचे चेहरे खुलतात. सरचूत पाणी साधारण ८६ अंशालाच उकळतं. प्रेशर कुकर नसेल तर डाळ शिजत नाही, तेव्हा आचाऱ्याकडे तो आहे का ते बघा. खिशात चिक्की, खजूर, राजगिऱ्याचा लाडू. पाणी दिवसाला चार लिटर तरी.

रस्त्यावर पुढे एक लीड, शेवटी एक स्वीप. लीड स्वीपच्या पुढे किती जाऊ शकतो ते ठरवून ठेवा. मी पुढच्या ठरलेल्या पुलापर्यंत किंवा ढाब्यापर्यंतच जाऊ देते, तिथे सगळे जमल्याशिवाय कुणी हलायचं नाही. सकाळी लवकर निघा, कारण ऊन चढलं की बर्फ वितळून नाल्यांना पाणी वाढतं, आणि दुपारनंतर समोरून असा वारा सुटतो की उतारावरही पॅडल मारावं लागतं. लष्कराच्या गाड्यांचा ताफा आला की रस्ता सोडून उभे राहा.

हे सगळं पहिल्यांदाच स्वतःच्या जबाबदारीवर करू नका. आधी दुसऱ्या कुणाच्या गटात स्वीप म्हणून जा. शेवटच्या माणसाबरोबर ताशी पाच-सहा किलोमीटरने दिवस काढल्याशिवाय लोकांचे थांबे, त्यांची चिडचिड, त्यांचं गप्प होणं ओळखता येत नाही. दुर्गम भागातल्या प्रथमोपचाराचं रीतसर प्रशिक्षण घ्या. जमलं तर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स करा, थंडीत आणि उंचीवर आपलं स्वतःचं डोकं कसं चालतं ते तिथे कळतं.

लेहला पोचलं की गट सैल होतो. सगळ्यांना दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला करायचा असतो, आणि तो पुन्हा ५,३५९ मीटरवर आहे. एक दिवस थांबवा, कपडे धुवू द्या, थुक्पा खाऊ द्या. त्या संध्याकाळीही चहाबरोबर वही काढा आणि चार प्रश्न विचारा. ज्याचे गुण नियमात बसतील तो सकाळी निघेल, बाकीचे गाडीतून वर येतील किंवा बाजारात हिंडतील.